करपलेल्या बर्फाचा चहा

“बर्फ करपतो, ताई. हे तुला मी सांगायचं?”

“नकोच सांगू. तू घड्याळ धर. चव घेणं माझं काम.”

“घड्याळच धरून उभा होतो. त्या कोल्टनने कोरड्या डब्यात गळ्यापर्यंत बर्फ कोंबला आणि खाली ढणढणा जाळ केला. वितळलेलं पाणी वरचा बर्फच पिऊन गेला, कोरडा तळ करपला. मी दोन हातांवर होतो. वास अजून नाकात बसलाय.”

“मग शिंकर.”

“थट्टा नको. कुंपणाला टेकलेल्या निम्म्या लोकांना आला तो वास. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. आता ही डबा लवंडून देणार, असंच वाटलं सगळ्यांना. आणि तू काय म्हणालीस? पहिली प्रत.”

“म्हणाले.”

“आणि व्हर्नाच्या चहाला दुसरी.”

“म्हणाले ना. बहिरी नाहीये मी. माझं बोलणं मला ऐकू येतं.”

शनिवारची दुपार होती आणि सभागृहाच्या स्वयंपाकघरात हे चाललं होतं. बाहेर नदीच्या गोठलेल्या पात्रावर पिठाची पोती पाठीवर घेऊन चालायची शर्यत सुरू झाली होती, लाउडस्पीकरवर कुणीतरी किलोंचे आकडे सांगत होतं. मी मूस हरणाच्या रश्श्यासाठी कांदा चिरत होते. खरं तर बराच वेळ एकच कांदा चिरत होते.

अगाथा नाबेस स्टुलावर ताठ बसली होती. वय चौऱ्याहत्तर, पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी उभ्या माणसालाच आपण ठेंगणे आहोत असं वाटावं अशी तिची बसायची पद्धत. समोर इझिडोर, तिचा धाकटा भाऊ, गळ्यात शर्यतीचं घड्याळ. सहा वर्षांनी लहान आणि ती सहा वर्षं त्याला कधी भरून काढता आली नाहीत. तो तिच्याशी असा बोलतोय म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मला कळत होतं.

“चार वर्षं येतेय व्हर्ना,” तो म्हणाला. “तूच शिकवलंस तिला. वरचा भुसभुशीत बर्फ घेऊ नको, हात खुपसून तळाचा दाणेदार घे. आधी मूठभर वितळव, पाणी झालं की मग थोडा थोडा घाल, काडीने ढवळत राहा. सगळं तसंच केलं पोरीने. आणि हरली कुणाकडून, तर बर्फ जाळणाऱ्याकडून.”

“पोरगी पंचेचाळीसची आहे. सोसेल.”

“ती सोसेल. लोक नाही सोसणार. काय बोलतायत ऐकायचंय?”

“नाही.”

“बोलतायत, डेल फेडोरुकने जानेवारीत तुझ्या अंगणात दोन गाड्या लाकूड आणून टाकलं. कोल्टन डेलचा पोरगा. बोलतायत, अगाथाची जीभ दोन गाड्या लाकडाला मिळते.”

माझी सुरी थांबली. अगाथाने हातातला मग आवाज न करता खाली ठेवला.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं तू चुकलीस. चुकले म्हण. मी बाहेर जाऊन सांगतो, दोन मिनिटांत मिटेल.”

“एकदा लावलेली प्रत बदलत नाही.”

“कातड्याची नाही बदलत. हा चहा आहे, ताई.”

“तिन्ही डबे ओसरीवर टांग,” ती म्हणाली. “उद्या बक्षिसाच्या वेळी लागतील.”

इझिडोरने टोपी कानांवर ओढली आणि डबे उचलून गेला. अगाथा माझ्याकडे वळली. “त्या कांद्याने तुझं काय केलंय? लगदा झाला त्याचा.”

प्रत लावायची ही भाषा आमच्या गावात फार जुनी आहे. नदीच्या वळणावर लाकडी ओंडक्यांचं एक ठाणं होतं, फरची कातडी घेणाऱ्यांचं. मार्चच्या तोंडावर आजूबाजूच्या दीडशे मैलांतले सापळे लावणारे लोक कुत्र्यांच्या गाड्यांवरून तिथे उतरायचे. पाच-सहा दिवस नदीकाठी तंबू, ढोल, सारंगी, लग्नाच्या गोष्टी, जुनी भांडणं. पण सगळ्यांची खरी नजर ठाण्यातल्या लांब टेबलाकडे. टेबलामागे सदरलंड साहेब. तो कातडं उचलायचा, उलट्या बाजूने फुंकर मारून केसांची मुळं बघायचा, एकदा झटकायचा आणि एक शब्द बोलायचा. पहिली. दुसरी. डागी. त्यावर वाद नाही. पाच महिने एकट्याने बर्फ तुडवलेला माणूस तो एक शब्द घेऊन बाहेर यायचा.

बाहेर बायका बसलेल्या असायच्या. त्यांनी यावर आपला उपाय काढला होता. ठाण्यातून निघालेल्या प्रत्येक पुरुषाने काठावर स्वतःच्या डब्यात, नुसत्या बर्फाचा चहा करायचा. बायका तो चाखायच्या आणि सदरलंडसारखाच घसा खाकरून प्रत लावायच्या. आत ज्याच्या रानमांजराला डागी म्हटलेलं असायचं, त्याला बाहेर चहालाही डागी ऐकायला लागायचं. हसण्याचा आवाज नदीच्या पैलतीराला जायचा म्हणतात. उपवर मुलींचे बापही कान देऊन उभे असत, कारण ज्याला रानात धड चहा करता येत नाही त्याच्याबरोबर हिवाळ्यात मुलगी कशी धाडायची? चाखणाऱ्या बायकांत मुख्य होती मार्गरीत, अगाथाची आई. उलट्या केलेल्या खोक्यावर बसायची, हातात निळा इनॅमलचा मग.

पुढे ठाणं बंद पडलं. कुत्री गेली, त्यांच्या जागी बर्फावरच्या मोटारी आल्या. मेळावा मात्र गावाने सोडला नाही, त्याची जत्रा केली. फलकावरचं नाव माझ्या आठवणीत तीनदा बदललं. आता तो वन्यजीव महोत्सव आहे. घुबडं दाखवायला बस जाते, मुलं प्लास्टरमध्ये लांडग्याची पावलं उठवतात, वनखात्याची एक बाई मायक्रोफोनवर प्राण्यांची माहिती सांगते. चहाच्या स्पर्धेत यंदा बावीस जण होते, त्यांतल्या चौघांनी तरी उभ्या जन्मात सापळा लावला असेल की नाही, देव जाणे. पण मान तोच आणि मगही तोच, निळा; खोक्याच्या जागी फक्त खुर्ची आलीय. एकतीस वर्षं त्या खुर्चीवर अगाथा बसत आलीय. पहिल्या तीन डब्यांना उकळी कधी आली ते इझिडोर सांगतो. पण पहिला कोण, ते अगाथाच्या एका घोटावर ठरतं.

आणि तो घोट तिला उगाच मिळालेला नव्हता. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली आठ वर्षं होते. सकाळी मुलं कोट काढून रांगेत यायची. अगाथा वाढता वाढता श्वास घ्यायची. कुणाच्या कोटाला स्प्रूसच्या लाकडाच्या धुराचा वास आहे, कुणाच्या बर्चच्या, कुणी रात्र आजीकडे काढली, हे तिला कळायचं. ज्याच्या कोटाला धुराचा वासच नाही, त्याच्या घरची चूल विझलेली. त्याच्या ताटात न बोलता दोन पळ्या जास्त पडायच्या. त्या मुलांतली काही आता बाप्ये झालीत, त्यांना आजही ठाऊक नाही आपल्याला दुप्पट का मिळायचं.

नवरा अल्सीद होता तोवर दोघांनी चाळीस वसंत नदीमुखाच्या दलदलीत पाणउंदरांची शिकार केली. अल्सीद म्हणायचा, धुक्यात मला होकायंत्र लागत नाही, बोटीच्या टोकाला बायको बसवतो. तो गेल्यावर तिने सापळे इझिडोरला दिले, कातडी कमावणं स्वतःकडे ठेवलं. मूसचं कातडं कुजक्या लाकडाच्या धुरावर धरलं की बाकीच्या बायका रंग बघत. अगाथा डोळे मिटून बसायची आणि मध्येच म्हणायची, झालं, उतरवा.

त्या दुपारी मी तिला घरी सोडायला निघाले. गाडीत ती एकच वाक्य बोलली.

“व्हर्ना काय म्हणतेय?”

“काही नाही. घुबडांची बस झाडत होती.”

“हं.”

व्हर्ना एरवी शाळेची बस चालवते, महोत्सवात घुबडांची. काही न बोलता बस झाडणारी व्हर्ना मी आधी पाहिलेली नव्हती, पण ते मी सांगितलं नाही.

घरी गेल्यावर अगाथाने चुलीत लाकूड सारलं, ओले हातमोजे चुलीच्या कडेला ठेवले आणि किटलीकडे वळली. मी दाराशी बूट काढत होते. दुसऱ्या बुटाची नाडी सुटेना, तेवढ्यात वास आला. लोकर जळल्याचा, घशाला लागणारा. मी एका पायात बूट तसाच ठेवून धावले आणि एक हातमोजा चुलीवरून ओढला. तळव्यावर बशीएवढा काळा डाग पडला होता, त्यातून धूर निघत होता.

अगाथा चुलीपासून दोन पावलांवर होती. शांतपणे मगात साखर घालत होती.

मी हातमोजा तिच्यापुढे धरला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ऑक्टोबरपासून,” ती म्हणाली.

“त्या तापानंतर?”

“ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. जिभेला कडू-गोड कळतं. गरम-गार कळतं. बाकी सगळं कोमट पाणी.”

तेव्हा मला नाताळातले तिने शिवलेले चामड्याचे बूट आठवले. दरवर्षी मधासारखे असायचे, यंदा कॉफीसारखे काळपट. गावात सगळे म्हणाले, अगाथाने नवा रंग काढलाय. कातडं धुरावरून कधी उतरवायचं तेच तिला कळलं नव्हतं.

“मग आज प्रत कशी लावलीस?”

“रंग बघून. त्याचा काळा होता, कडक असेल वाटलं. व्हर्नाचा लालसर. मला तर तिन्ही सारखेच. कुणाला तरी पहिलं म्हणणं भाग होतं.”

“मला सांगायचंस तरी, मावशी.”

“तुला सांगून काय? तू कांदा सोडून नीट काही चिरतेस का? आज तर तोही नाही.”

ती हसली नाही, मीही नाही. ती टेबलाशी बसली.

“मी बारा वर्षांची होते,” ती म्हणाली. “बाबांनी त्या वर्षी नऊ मार्टेनची कातडी आणली होती. एकेक असं की काळोखात हात घातल्यासारखं वाटावं. सदरलंड म्हातारा झाला होता तोवर. कातडं पार डोळ्यांपर्यंत नेलं, फुंकर मारली, म्हणाला, दुसरी. नऊच्या नऊ दुसरी. बाबा म्हणाले, साहेब, खिडकीपाशी नेऊन एकदा बघा. तो म्हणाला, लावलेली प्रत बदलत नाही. आणि लिहायला पेन्सिल शोधायला लागला.”

तिने तळहात मेणकापडावर हळूहळू फिरवला.

“असा. पेन्सिल त्याच्या समोर होती, वीतभर अंतरावर. मी बघितली. मी बघितलं हे त्यालाही कळलं. माझ्याकडे बघत होता, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला.”

“बाबांना सांगितलंस?”

“नाही. बाबांनी कातडी गोळा केली आणि निघाले. तो मागून विचारत राहिला, कुठे नेणार, दुसरं कोण बघणार तुझा माल? बाबा थांबले नाहीत. पंचावन्न मैल दूरच्या ठाण्यावर गेले. त्या वर्षी किती जणांचा माल त्याने असा मातीत घातला असेल.” तिने जळका हातमोजा उलटा केला, सुलटा केला. “मी त्याची पेन्सिल त्याच्या हातात द्यायला हवी होती. तेवढंच. साहेब, ही घ्या. सगळ्यांना कळलं असतं, आणि त्यालाही सुटल्यासारखं झालं असतं.”

“लोक लाकडाचं बोलतायत,” मी म्हटलं.

“ऐकलं ना मी. एक तर मी लाकडाला विकली गेले, नाही तर माझं नाक गेलं. दोन्हींतलं कुठलं निवडू?” तिने चहाचा घोट घेतला. “चहा झालाय का बरा?”

“गोड झालाय.”

“तेवढं मलाही कळलं.”

रविवारी बारा वाजता बक्षीस समारंभ. सभागृहात बसायला जागा नव्हती, लोक भिंतीला लागून उभे होते. इझिडोरने ओसरीवरचे तिन्ही डबे आणून मंचावर ठेवले. चहाचा पार दगड झाला होता. ही आमची जुनी रीत, जिंकलेले डबे बक्षीस होईपर्यंत बाहेर टांगलेले राहतात, म्हणजे कुणाला अदलाबदल करता येत नाही. एरवी त्यांच्याकडे कुणी पुन्हा बघत नाही.

अगाथा खुर्चीत बसली आणि मला हाक मारली. “हे गरम करून आण.”

“तिन्ही?”

“तिन्ही. आणि दोन मग.”

इझिडोरने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले आणि डबे आत नेले. कोल्टनचा चहा वितळायला लागला तशी स्वयंपाकघरातली बटाटे सोलणारी बाई उठून खिडकी उघडायला गेली.

परत आले तोवर अगाथाने व्हर्ना आणि कोल्टनला मंचावर बोलावलं होतं. व्हर्ना हात बांधून उभी. कोल्टन पंचविशीतला, उंच, डोक्यावर शेपटी लोंबणारी फरची टोपी. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी त्याने काढायची राहिली होती.

“हा तुझा,” अगाथाने त्याच्या हातात मग दिला. “पी.”

त्याने एक घोट घेतला.

“कसा आहे?”

“गरम आहे, मिसेस नाबेस.”

लोक हसले.

“गरम आहे ते मलाही कळतं. चव सांग.”

त्याने समोर बापाकडे बघितलं. डेल फेडोरुक आपल्या बुटांकडे बघत होता.

“खरं सांगू?”

“मग काय, टोपी दाखवायला बोलावलं?”

“म्हणजे… मोजा शेकोटीत पडावा तसा.” आणि लोक पुन्हा हसायच्या आत त्याने स्वतःच व्हर्नाचा मग उचलला, एक घोट घेतला, आणखी एक घेतला. “हा चहा आहे,” तो म्हणाला. “मी आजवर जे केलं ते दुसरंच काहीतरी होतं.”

अगाथा उठली. मायक्रोफोन तिच्या उंचीला आणेपर्यंत ती थांबली नाही, तशीच बोलली. पण ऐकू सगळ्यांना आलं.

“ऑक्टोबरपासून मला वास येत नाही. काल मी नुसता रंग बघून प्रत लावली. लावलेली प्रत बदलत नाही असं मी म्हणाले, ते सदरलंडचं बोलणं होतं, माझं नव्हतं. कोल्टनचा चहा डागी. व्हर्नाचा पहिली प्रत. तिसरा ज्याचा असेल त्याने राग मानू नये, तो दुसरा झाला. डेलने लाकूड टाकलं कारण जानेवारीत माझ्या धुराड्यातून धूर दिसला नाही आणि त्याला काळजी वाटली. कुणाला याहून जास्त माहिती असेल तर त्याने उठून सांगावं.”

कुणी उठलं नाही. वनखात्याची बाई टाळी वाजवायला गेली आणि एकटीच पडेल हे कळून थांबली.

अगाथाने निळा मग पुसला आणि व्हर्नाच्या पुढ्यात ठेवला.

व्हर्ना मगाकडे बघत राहिली. मग पडेल आवाजात म्हणाली, “मावशी, हे नको. मला जिंकायचं होतं. खुर्चीत बसले तर डबा पुन्हा कधी धरू?”

“जिंकलीस की आत्ता.”

“चार वर्षांत एकदा?”

“मी एकदाही नाही जिंकले,” अगाथा म्हणाली. “आई गेली तशी मला लगेच बसवली.”

आता मात्र लोक मोकळेपणी हसले. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी सारंगी लावायला घेतली, रश्श्याच्या रांगेकडे गर्दी वळली. व्हर्नाने मग उचलला नव्हता, पण कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्याच्यावर हात धरला होता.

इझिडोर मंचाच्या पायरीशी आला. गळ्यातलं घड्याळ त्याने मुठीत धरलं होतं. हळूच बोलला, पण मी शेजारीच डबे गोळा करत होते.

“ऑक्टोबर. म्हणजे चार महिने. नाताळाला तुझ्या घरी जेवलो मी, तेव्हाही?”

“मासा कसा झाला होता?”

“खारट.”

“मग सांगायचंस.”

“तुला कोण सांगणार?” तो म्हणाला. “ते जाऊ दे. काल सकाळी मी तुला घ्यायला आलो होतो. गाडीत अर्धा तास आपण दोघंच होतो. मी बसलो असतो चाखायला, नाही तर व्हर्ना बसली असती, काहीही करता आलं असतं. तुला माहीत होतं, ताई. माहीत असून त्या खुर्चीत बसलीस कशाला?”

अगाथाने कोट घातला. बटणं खालून वर लावली, एकेक करून. मग खिशातून हातमोजे काढले, आधी धडका चढवला, मग तळव्यावर काळा डाग असलेला.

“ताई. बसलीस कशाला?”

तिने एकवार आपल्या एकतीस वर्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, पायरी उतरली, रश्श्याच्या रांगेतून वाट काढत दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली.